टिकलीखालचं कपाळ

माझी बायको डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. जागा माझ्या आईची. आई त्या कोपऱ्यावर बसायची, तिच्यानंतर ही बसली. कागदावर कुठे काही नाही. रोज बसलं तर जागा आपली, काही दिवस बसलं नाही तर दुसऱ्याची, एवढाच तिथला कायदा. मी वागळे इस्टेटला प्रेस मशिनवर होतो. कंपनी बंद पडली तेव्हा हिच्या पाटीवर घर चाललं, मुलगा शिकला. त्यामुळे ती जागा म्हणजे काय, ते मला कोणी शिकवू नये.

हिच्या कपाळाला मरून रंगाची मखमली टिकली असायची. रात्री झोपताना ती काढून मोरीतल्या आरशाला चिकटवायची आणि पहाटे तीच परत कपाळाला. डिंक सुकेपर्यंत एक टिकली चालवायची. आरशाच्या कडेने सगळ्या टिकल्याच. दाढी करताना मला त्यांच्यातून माझा गाल शोधावा लागायचा.

एकदा पहाटे ती तोंड धुऊन बाहेर आली, आणि टिकलीच्या जागी मला पांढरा ठिपका दिसला. मसुराच्या डाळीएवढा.

"काय गं ते?"

"काय नाय, घामाचं असेल," असं बोलून तिने टिकली लावली. ठिपका झाकला, विषय संपला.

पण ठिपका खालून वाढत होता. तो वाढला तशी हिने मोठी टिकली आणली. तो आणखी वाढला, हिने आणखी मोठी आणली. कुठलीही बाई हेच करेल, कपाळाचा डाग झाकायला टिकलीपेक्षा सोपं काय आहे? शेवटी दुकानात त्याच्यापेक्षा मोठी टिकलीच मिळेना. बशीखालून दूध सांडावं तसा पांढरा रंग टिकलीच्या बाहेर आला.

शेजारी सुकी मासळी घेऊन एक बसते, आमच्याच गावातली, वयाने लहान. भर गिऱ्हाइकात ती बोलली, "अगो वयनी, कोड का गं ते?"

झालं. ज्या बायका हिच्याकडून सुरमई कापून घेताना घरातली भांडणं सांगायच्या, त्या नुसतं "आज नको" बोलून पुढे जायला लागल्या. कोड हाताने लागत नाही, हे मलासुद्धा माहीत आहे. पण बाजाराला कोण सांगणार? दुपारी पाटीत मासळी उरायला लागली. रोज रात्री आमच्याकडे तीच.

सून ठाण्याला ऑफिसात जाते. तिने रजा टाकली आणि सासूला सरकारी इस्पितळात कातडीच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. मी बोललो, कोड असेल तर आहे, डॉक्टर काय पुसून काढणार आहे? कोणी ऐकलं नाही. मग मीही गेलो. डॉक्टरीण तरुण होती. तिने कपाळ बघितलं आणि विचारलं, "आजी, टिकलीचं पाकीट आणलंय?" पाकीट हिच्या पिशवीत होतंच. त्यावर बाईचं चित्र आणि किंमत. आत काय घातलंय, ते कुठेच नाही. डॉक्टरणीने पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि ठेवून घेतलं.

मग हिच्या पाठीवर चिकटपट्ट्या लावल्या. त्यांच्याखाली टिकलीचा डिंक आणि आणखी काय काय औषधं थोडी थोडी. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. मासळीवाली बाई, आणि पाठीला पाणी नाही! सुनेने घरभर उदबत्त्या लावल्या.

"लाव गं लाव," बायको बोलली, "देव झाल्यासारखं वाटतंय मला."

ती हसली ते तेवढंच मला आठवतं, त्या सगळ्या दिवसांतलं.

पट्ट्या काढल्या तर डिंकाची जागा लालबुंद. डॉक्टरणीने समजावलं. टिकलीच्या डिंकात चिकटपणासाठी एक केमिकल घालतात, ते काही जणींच्या कातडीचा रंग मारतं. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना टिकलीच्या बरोबर खाली होतं. झाकायला मोठी टिकली लावली की डिंकही जास्त लागतो.

"रंग परत येईल?" सुनेने विचारलं.

"येतो, कधी नाही येत. मलम देते. पण आता कपाळाला काही चिकटवायचं नाही, काही लावायचंही नाही."

"काही नाही म्हणजे? मी जिवंत आहे अजून," मी बोललो.

डॉक्टरीण हसली. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

माझी आई कपाळाला आधी मेण लावायची, वर बोटाने कुंकू. तिचं कपाळ जाईपर्यंत चांगलं होतं. म्हणून मी कल्याणला गेलो, पूजेच्या सामानाच्या दुकानातून कुंकू आणलं. हळदीचं आहे का, असं विचारून आणलं. दुकानदार बोलला, अस्सल.

सुनेने पुडी उजेडात धरली. "बाबा, हळदीचं कुंकू एवढं भडक नसतं. ह्यात रंग आहे. आणि पुडीवर काही लिहिलेलंच नाही."

"तुझ्या क्रीमच्या डबीवर एवढं बारीक लिहिलंय. त्यातलं किती कळतं तुला?"

"काहीच नाही," ती बोलली आणि पुडी खाली ठेवली.

बायकोने दोघांकडे बघितलं आणि कुंकू लावलं. कपाळाला आग सुटली, भुवया सुजल्या, पाणी यायला लागलं. खपल्या धरल्या, पडल्या, आणि खालून आधीपेक्षा मोठा पांढरा डाग निघाला. मी ते चांगल्यासाठी आणलेलं. हे मी आजही सांगतो आणि त्यावर आणखी बोलणार नाही.

मग ती उघड्या कपाळाने बाजारात गेली. पहिल्याच दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाने हळू आवाजात विचारलं, "मावशी, काका कधी गेले?" घरी येऊन तिने मला ते सांगितलं. सांगताना हसायला गेली, पण अर्ध्यात तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. आमच्यात पुरुष मासळीच्या बाजारात बसत नाही, विकणं हे बायकांचं काम. मी थर्माकोलची रिकामी पेटी उलटी केली आणि हिच्या शेजारी बसलो. कोणी डागाकडे बघितलं की ही माझ्याकडे बोट दाखवायची. "बघून घ्या, आहेत अजून." बायका हसायच्या. चार जणी थांबल्या, बोंबील गेले, कोलंबी गेली. मला वाटलं, होईल ठीक.

तेवढ्यात हिच्या डोक्यात शिरलं की आपल्याला कळलंय ते दुसरीलाही कळायला पाहिजे. टिकली लावलेली बाई पाटीपुढे वाकली की ही मासा तोलता तोलता सांगायची, "टिकली काढ गं बाई. त्याच्या डिंकाने माझं असं झालं." मी दोनदा सांगितलं, गप बस. ऐकते कुठे. एका नव्या नवरीलाही तिने तेच सांगितलं. ती पोरगी मान हलवून गेली आणि थोड्या वेळाने सासूला घेऊन आली.

"माझ्या सुनेला टिकली काढ बोललीस? माझ्या पोराचं वाईट चिंततेस?"

"अगो बाई, मी तिच्या कपाळासाठी बोलली."

"स्वतःचं कपाळ फुटलं, आता दुसऱ्यांची फोडायला बसलीय."

मी पेटीवरून उठलो. "कपाळ फुटायला मी काय मेलोय? हा इथे उभा आहे!"

ह्या वेळेला कोणी हसलं नाही. सासूने पोरीचा हात धरून तिला ओढत नेलं. बाजारात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. डागाची माणसांना सवय झाली असती, पण सवाष्णीला टिकली उतरव म्हणणारी बाई कोणाला चालते? आता बायका आमच्या कोपऱ्याला वळसाच घालून जायला लागल्या. त्या आठवड्यातच एका दुपारी हिने बर्फ गटारात ओतला आणि बोलली, "उद्यापासून नाय."

"आईची जागा आहे ती," मी बोललो.

"मग आईला बोलवा."

आता ती घरात असते. दारात कोणी आलं तर पदर भुवयांपर्यंत ओढते. मलम लावते. रंग आलेला नाही.

मासळी कापायचा कोयता आणि लाकडी ठोकळा तिकडेच राहिलेले. ते आणायला मी एकटा गेलो. खरं म्हणजे जागेवर भांडायलाच गेलो. शेजारणीने सुकटीची टोपली, सुक्या बोंबलाचे मोठे हारे, सगळं आमच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेलं. मला बघून ती जरा सावरून बसली. पदराने कपाळाचा घाम पुसला. घामाने सैल झालेली टिकली बाजूला सरकली, आणि मला खाली पांढरं दिसलं. अगदी बारीक, मसुराएवढं.



"तुझ्या टिकलीखाली डाग आहे," मी बोललो. "आत्ताच काढ. आमच्या हिचं असंच सुरू झालेलं. डॉक्टरणीचा पत्ता सुनेकडून आणून देतो तुला."

तिने माझ्याकडे एकटक बघितलं. मग टोपलीकडे, मग आमच्या कोपऱ्याकडे.

"दादा, जागेसाठी आलात ना? मग जागेचं बोला. कपाळाचं कशाला काढता?"

"अगं, खरं सांगतोय."

"वयनीपण खरंच सांगायच्या," ती बोलली. अंगठ्याने टिकली जागेवर आणली, दाबून बसवली, आणि माझ्या खांद्यावरून गिऱ्हाइकाला हाक मारली, "ये गं ताई, जवळा बघ, ताजा सुकवलेला!"

मी कोयता उचलला, ठोकळा काखेत घेतला. तिने आमच्या कोपऱ्यात पाय लांब केले, मी त्यांच्यावरून जपून पलीकडे पाऊल टाकलं.