मथुराबाईचा न दिसणारा टाका

"माहा टाका शोधून दाखवा!" मथुराबाईची ही शेखी पुसदच्या अख्ख्या बाजाराला पाठ होती. लग्नातले जुने शालू, साड्या तिच्याकडे रफूला यायच्या. निऱ्यांत दडणाऱ्या टोकातून ती त्याच साडीचे धागे ओढायची आणि फाटलेलं विणून काढायची. उंदरांनी कुरतडलेलं, दिव्यानं जळलेलं, आणि माणसांनी फाडलेलंही. त्या शेवटच्याबद्दल ती कधी काही विचारत नसे. पोटासाठी तोंड शिवून घेतलेली बाई, दुसरं काय!

पण रफूला आलेल्या रुपालीनं आपल्या आईची लग्नातली पांढरी साडी उलगडली, तेव्हा मथुराबाईलाही राहवलं नाही. पदरापासून खाली तीन लांब काप होते, आणि धुऊनही त्यांच्या कडा तपकिरी राहिल्या होत्या.

"बापानं केलं. विळ्यानं," रुपाली म्हणाली.

"मायच्या अंगावर होती का तवा?"

"हो. रविवारी माहं लगन हाये, मावशी. माय म्हनते, हेच नेस."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिचा बाप भीमराज दुकानात शिरला. प्यालेला असता तर एक वेळ चाललं असतं. मेला पुरता शुद्धीत होता.

"साडी दे. जाळतो."

"कायले?"

"मांडवात लोकायनं पाह्यली तं?"

"माहा टाका दिसत नाही," ती सवयीनं म्हणाली.

त्यानं मशीन लाथेनं आडवी केली. तिचे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. साडी तिच्या उजव्या मुठीत होती आणि मूठ सुटेना, म्हणून त्यानं वजनदार कात्री उचलली आणि तिची बोटं ठेचली. एकदा, दोनदा. हाड मोडलेलं तिला ऐकू आलं. डाव्या हातात कोळशाची तापलेली इस्त्री आली. ती तिनं त्याच्या मनगटावर ठेवली आणि अंगाचा भार देऊन दाबली. चामडी चर्र वाजली. भीमराज गुरासारखा ओरडत पळाला. तिला दया आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

साडी वाचली, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. रफू करणार कोण? शनिवारी रुपालीची आई, गयाबाई, स्वतः आली. एका कानानं बहिरी. तोही भीमराजचाच प्रताप. मथुराबाई सांगत गेली, ती शिवत गेली. पण शेतात राबणारा हात तो. पोत्याचं तोंड शिवावं तसे जाड, वेडेवाकडे टाके पडले.

"उसव, गया. सगळ्यायले दिसन."

गयाबाईनं दोरा दातानं तोडला. "दिसू दे."

रविवारी विहारासमोरच्या मांडवात रुपाली तीच साडी नेसून उभी राहिली. पुढच्या रांगेत भीमराज बसला होता, मनगटाला पट्टी बांधून. नवरदेवाच्या आत्यानं टाक्यांवर बोट ठेवलं. "हे काय झालं वं?"

बहिऱ्या कानामुळे गयाबाई नेहमीच मोठ्यानं बोलायची.

"यानं मले विळ्यानं कापलं, तवाचं हाये हे," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे हात केला.

मांडवातल्या माना त्याच्याकडे वळल्या. भीमराज उठून बाहेर गेला. त्याला कोणी थांबवलं नाही.

मागे बसलेली मथुराबाई आठवू लागली, असे किती काप आपण आजवर बेमालूम बुजवून दिले. मग मात्र तिला रडू आवरेना.