वेणी मीच घालते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच — कारण जे खोटं बोलले ते तिच्याच हाताबद्दल होतं. तुम्ही मला स्टेजवर पाहिलं असेल, नंतर येऊन कौतुकही केलं असेल. मी ते हसून घेतलं. आता बसा जरा, आणि मध्ये थांबवू नका — थांबवलंत तर मी विषय बदलीन. मला ती सवय आहे.

कळंबच्या एका मंगल कार्यालयात दहा दिवसांची निवासी कार्यशाळा होती. तुळशीचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे हॉल रिकामा. शब्दांशिवाय, फक्त अंगानं नाटक कसं करायचं हे शिकवायला पुण्याहून एक सर आले होते. आम्ही सतरा जण. त्यातल्या एकालाच ते आपल्या नाटकमंडळीत वर्षभर शिकायला नेणार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. झालं — सतरा जणांची झोप उडाली.

सरांचा एक नियम होता. सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या चहापर्यंत मौन. एकानं तोंड उघडलं तर सगळ्यांना शंभर उठाबशा. दुसऱ्या दिवशी एकाच्या पायाला ठेच लागली, तो "आई गं" म्हणाला, आणि त्या उठाबशांनी सतराही जण जिना बसत बसत उतरले. त्यानंतर कुणी कण्हलंसुद्धा नाही. हा नियम लक्षात ठेवा. मी त्याच्या आडोशाला उभी राहिले.

माझ्या जोडीला वनिता होती, मारेगावकडची. कापूस वेचणीचे दिवस सोडून आली होती. संध्याकाळी मौन सुटलं की तिचा पहिला शब्द फोनवर जायचा. मायला विचारायची, जेवली काय, आणि मग — आज वेणी कोणी घातली? रोज हेच. मला गंमत वाटायची. वेणीचं काय एवढं?

पाचव्या दिवशी सरांनी सांगितलं, उद्या प्रत्येकानं आपल्या घरातल्या एका माणसाची एक हालचाल करून दाखवायची. मी आईचं वह्या तपासणं बसवलं होतं. आई शाळेत शिक्षिका. वाईट नव्हतं ते, पण त्यात जीव नव्हता, आणि हे मला कळत होतं. मग दुपारी आरशाचा सराव झाला — एकीनं करायचं, समोरचीनं तंतोतंत तसंच करायचं. वनितानं तिचं उद्याचंच घेतलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून? की लपवायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही?

तिची माय कापूस वेचत होती. पऱ्हाटीची फांदी हनुवटीखाली दाबून धरायची, उजव्या हातानं बोंडातला कापूस ओढायचा, कमरेच्या ओटीत टाकायचा. डावा हात ओटीवर नुसता ठेवलेला. तो घसरायचा. मग उजव्या हातानं तो उचलायचा — एखादी वस्तू उचलावी तसा — आणि परत ओटीवर ठेवायचा. पुन्हा फांदी. लकव्यानं हात गेलेला होता, हे शब्दाविना समजलं. मी अर्धा तास तिचा आरसा झाले. शेवटी माझा डावा हात खरंच जड झाला होता.

आमच्या घरचा कापूस आहे, बरं का. चांगला बारा एकर. बाया वेचायच्या, मी बांधावर बसून बोरं खायचे. आयुष्यात एक बोंड वेचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर वनिताच्या आधी आला. मी वह्या तपासायला म्हणून खाली बसले — आणि उठले. फांदी हनुवटीखाली घेतली. ठरवलं होतं का? तुम्हाला काय सांगू — हो, रात्रीच ठरवलं होतं. आपोआप झालं असं आजवर स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे.

सर उठून उभे राहिले. मी वनिताकडे पाहिलं नाही.

चार जणांनंतर ती आली. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, तिनं तिच्या मायचंच केलं. सरांनी मध्येच हात आडवा करून तिला थांबवलं. तिनं तोंड उघडलं. मग सोळा जणांच्या पायांकडे पाहिलं — आणि मिटलं.

चहाला मौन सुटलं. सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले की दुसऱ्याचं उचलणं सोपं असतं, स्वतःच्या घरात बघायला शिक. मग मला विचारलं, कोण आहे ती बाई? मी म्हणाले, माझी आई. एवढा वेळ होता माझ्याजवळ, एक अख्खा कप चहाचा, आणि मी हे म्हणाले. वनिता कप धुवायला माझ्या शेजारी आली आणि हळूच एवढंच बोलली.

"तुह्या मायचा बी डावाच हात गेला काय?"

मी नळ मोठा केला. त्या संध्याकाळी तिनं मायला फोन केला नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. हे मलाही पुरलं असतं. पण पुढचं आहे, आणि तेच मला जाळतं.

शेवटच्या दिवशी दुपारी घरच्यांसाठी प्रयोग होता. मी आईला फोन करून सांगितलं, बाहेरच्यांना परवानगी नाही. ती हिरमुसली. पण दोन धड हातांची आई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवताना कशी चालणार होती? प्रयोगात मध्यभागी मी, कापूस वेचत. वनिता मागे, वारा झालेल्या पाच जणांत. प्रयोग संपल्यावर सरांनी सगळ्यांना माझ्या आईच्या हाताचं सांगितलं आणि माझं नाव जाहीर केलं. पुण्याला मी जाणार होते.

लोक पांगत असताना वनिता एका बाईंना घेऊन माझ्याकडे आली. काटक बाई, धुतलेलं लुगडं, केस नुसतेच मागे बांधलेले. डावा हात लोंबत होता. वनितानं सांगितलं असेल का? नव्हतं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला पळून जावंसं वाटलं.

"बाई, तुमच्या मायले बी असंच झालं म्हनते सर. मंग तिची वेनी कोन घालते?"

तेव्हा मला समजलं की एका हातानं वेणी घालता येत नाही. आणि वनिता माझ्याकडे बघत होती. रागानं नाही — वाट बघत होती. अजूनही वेळ होता. मौन नव्हतं, उठाबशा नव्हत्या, कुणाचे पाय दुखणार नव्हते.

"मीच घालते," मी म्हणाले.

आईच्या केसांना मी कधी तेलाचं बोटही लावलेलं नाही. माझीच वेणी बारावीपर्यंत ती घालायची.

बाईंनी धड हात माझ्या डोक्यावर ठेवला. "लेक आहे तिले. मंग काय पाह्यजे," असं म्हणाल्या. त्यांचा डावा हात पदरातून घसरला होता. वनितानं तो उचलून पुन्हा पदरात ठेवला आणि दोघी बसस्टँडकडे चालू लागल्या. वनिता पुन्हा कुठल्या कार्यशाळेत दिसली नाही.

आता मीच कार्यशाळा घेते. मौन पाळायला लावते. मुलांना ती हालचाल करून दाखवते आणि कुणाची म्हणून विचारलं तर आईची म्हणते. ती वनिताच्या मायची आहे. तिचं नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.