इंदूचा कान

गाडी आली की इंदू तिच्याकडे बघायची नाही. हातात चहाची किटली, तोंड रस्त्याकडे, आणि कान बोनेटवर. बघणाऱ्याला वाटायचं, मिस्त्रीची बायको चहा घेऊन आलीय. खरं म्हणजे गाडी तीच तपासायची. मी नुसता पाना धरून उभा.

लालबागच्या एका मिलमध्ये मी चार माग चालवायचो. संप झाला, मिल गेली. मागाचा खडखडाट कानातून गेला नाही, बाकीचे आवाज मात्र गेले. पोटासाठी परळच्या एका गॅरेजात डिझेलच्या पिकअप खोलायला शिकलो आणि मग फुटपाथवर स्वतःचा जॅक मांडला. क्लचप्लेट जळली तर नाकाला कळतं. घसरत असेल तर पायाला कळतं. जाड धडधड, घरघर असेल तर तळहात टेकला की समजते. पण बेअरिंगची बारीक किरकिर? तिथं मी मेलो. आणि बहिऱ्या मिस्त्रीकडे इंजिन कोण आणणार?

मागांच्या गोंगाटात आम्ही कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांनीच बोलायचो. इंदू ती भाषा लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकली. मालवणकडची होती. म्हणायची, "सासूसमोर नवऱ्याक गाळी घालूक बरा पडता." तीच भाषा पुढं आमचं पोट भरायला आली. मूठ उघडझाप केली की इंजिनातल्या टॅपेटची टकटक. बोट गरगर फिरवलं की बेअरिंग. गळ्याला चिमटा घेतला की डिझेल नीट पोचत नाही. हे करताना बाई एका जागी उभी म्हणून राहायची नाही. या पायावरून त्या पायावर, किटली या हातातून त्या हातात. "इंजिन खोटा बोलना नाय," सांगायची, "माणसां बोलतत."

एकदा वरळीचा गणा कोळी मासळीची पिकअप घेऊन आला. खालून आवाज येतो म्हणाला. मी त्याला क्लच दाबायला लावला, सोडायला लावला. इंदूनं खूण केली: दाबला की आवाज बंद, सोडला की चालू. म्हणजे दुखणं क्लचचं नाही, गिअरबॉक्सच्या बेअरिंगचं. तेवढ्यात गणाचं लक्ष तिच्या हाताकडं गेलं.

"काय रे मिस्त्री, पाना लावायला पण बायकोची परवानगी लागते काय तुला?"

बाजूचा पानवाला हसला. हसणं मला ऐकू येत नाही, पण दिसतं. मी इंदूवर ओरडलो, "घरी जा! इथं काय काम तुझं?" ती गेली. जाताना दोनदा वळली, दोनदा तीच खूण केली. मी मुद्दाम मान फिरवली आणि हट्टानं क्लचचं बेअरिंग बदललं. गिअरबॉक्स खाली उतरवलेला होता, समोर होता, तरी त्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी हिंदमाताच्या चौकात गणाचा गिअरबॉक्स जाम झाला. मागं पापलेट, वर ऊन. गणा तणतणत आला तेव्हा "बेअरिंगच डुप्लिकेट निघालं" हे माझ्या जिभेवर तयार होतं. इंदू किटली घेऊन उभी होती. या खेपेला तिनं कुठलीच खूण केली नाही. खरं बोललो तर धंदा जाणार, हे तिलाही ठाऊक होतं.

मी म्हणालो, "गणा, मला ऐकू येत नाही. हिला येतं. हिनं बरोबर सांगितलेलं, मी माजलो."

 गणा म्हणाला, "मग वहिनीलाच विचार ना रे येड्या. तू कशाला मधी तडमडतोस?"

धंदा गेला नाही. उलट गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "वहिनी आहेत काय?" नसली तर परत जायचं. घरी ती मला चिडवायची, "तुमका आयकाक येना नाय, तर माका इचारूक लाज कसली?" त्यानंतर वर्षानुवर्षं मी प्रत्येक गाडीला तिला विचारलं. तिला स्वतःला काय होतंय, हे विचारलं नाही.

शेवटी ती जिना चढताना बसायला लागली. कधी न बसणारी बाई पायरीवर बसली म्हणून मी तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरनं तिच्या छातीला ऐकायची नळी लावली आणि माझ्याकडे वळून विचारलं. ओठांवरून मला कळलं: "छाती एवढी घरघरतेय, किती महिने? घरात कुणी ऐकलं नाही?"

मी काही बोलायच्या आत इंदू म्हणाली, "कालपासूनच." आणि डॉक्टरच्या पाठीमागून मला खूण केली, गप्प राहा.

आठ दिवसांनी गेली.

आता मला घरात बसवत नाही. उगाच फुटपाथवर जातो, परत येतो, पुन्हा जातो. उभ्या गाड्यांच्या बोनेटवर हात ठेवतो. इंजिनाची घरघर अजून तळव्याला बरोबर कळते. एवढ्या वर्षांत तिच्या पाठीवर तेवढा हात ठेवला नाही.