सुमन नावाची कालवड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. माझ्या फ्रिजवर कायम तीन याद्या लटकत असतात. त्यांतल्या एकीतही हे कधी आलं नाही. आणि सांगायला बसले की अजूनही आधी आनंदच उसळतो. लाज आधी यायला हवी ना?

बेसिंगस्टोकजवळच्या एका पशुखाद्य कंपनीत मी संशोधन करते. प्रश्न साधा होता — खाद्यात ड जीवनसत्त्व वाढवलं तर बीफ मऊ होतं का? त्यानं स्नायूंतलं कॅल्शियम वाढतं आणि कत्तलीनंतर मांसाचे धागे लवकर सैल होतात. निदान व्हायला हवेत. पण डोस सुरू झाला की आमचे बैल खाणंच सोडायचे.

बाबा साताऱ्यात गुरांचे डॉक्टर होते. मी फोन लावला. सगळं सांगितलं — जनावरं कशासाठी पाळलीत, तेवढं वगळून. ते एकदम खुलले. गाय विण्याआधी, दुग्धज्वर होऊ नये म्हणून, ते हेच द्यायचे.

"अगं, शेवटचे थोडेच दिवस द्यायचं. तिचं खाण्यावरचं मन उडायच्या आत ती व्यायलेली असते."

शेवटचे थोडेच दिवस! मी ते कत्तलीच्या तारखेपासून मागे मोजले.

निकालाच्या दिवशी मऊपणा मोजणाऱ्या यंत्राचं पातं शिजवलेल्या मांसातून इतकं अलगद उतरलं की मी लॅबमध्येच टाळी वाजवली. मी ते मांस खात नाही — पण तो आकडा! कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"बाबा, जमलं. तुमच्यामुळे."

"सगळ्या नीट व्यायल्या?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "हो, सगळ्या."

त्यांनी कॉलनीत पेढे वाटले. विलायतेतल्या गाई आता माझ्या सल्ल्यानं वितात, असं शेजाऱ्यांना ऐकवलं. मग मला म्हणाले, एका कालवडीचं नाव सुमन ठेव. सुमन — माझी आई. तिला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी घरी जाताना एका फार्मपाशी गाडी थांबवली, कुंपणापलीकडच्या कुठल्याशा कालवडीचा फोटो काढला, पाठवला. घाबरले होते का? नाही. दिवस छान गेला होता — तो मोडायचा नव्हता, एवढंच.

तो फोटो त्यांनी आईच्या फोटोशेजारी लावलाय. काल विचारत होते, सुमन आता गाभण राहायच्या वयाची झाली असेल ना?

मी म्हणाले, "राहिलीय, बाबा."

लगेच त्यांनी जीवनसत्त्व कधी सुरू करायचं ते सांगितलं — आणि मी ते लिहून घेतलं.