जव्हारच्या गाड्यांच्या वेळा

पूनम सागर सोसायटीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये आज सुक्या बोंबलांची पुडी सोडली आणि वीस वर्षांपूर्वीचं जव्हार नाकात शिरलं. मला तिथल्या शाळेत नोकरी लागली होती. उत्तनचा किनारा कधी न सोडलेले बाबा बोंबलांची पिशवी घेऊन गाव बघायला सोबत आले होते.

जव्हार म्हणजे जुन्या संस्थानाची राजधानी. राजवाडा, बाजार आणि चार चढ, की राजधानी संपली! पण बाबांचा पाय ठरेना. राजवाड्यासमोरही ते भरतीची वेळ काढायला बोटांवर तिथी मोजत होते. "आता आपल्याकडं पानी भरत असंल. हितं तर वारा कुठनं येतो तेच कळत न्हाय."

एसटी स्टँडवर त्यांनी मुंबईकडच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तीन-तीनदा विचारल्या. मी वैतागून म्हणाले, "बाबा, एवढी घाई झालीय पळायची?" माझे ते शब्द मलाच अजून टोचतात.

कारण नोकरीतल्या पहिल्याच शनिवारी, कुणालाही न कळवता मी घरी निघाले आणि उत्तनसाठी हायवेवर काशीमिऱ्याला उतरले, तर ट्रकांच्या धुरळ्यात बाबा उभे.

"अर्धा तास लेट हाय तुजी गाडी," म्हणाले आणि माझी पिशवी घेऊन चालू लागले.