आतली कडी

आमच्या कॉलनीत सासूबाईंना नावानं कोणी ओळखत नसे. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "काकू, कडी लावली का?" आई, मी सासूबाईंना आईच म्हणायचे, वळून म्हणायच्या, "लावली की! पण तू आत राहिलास का बाहेर, ते आधी बघ." विचारणारा हसता हसता जरा चपापायचा, आणि आई पिशवी सावरत पुढे निघायच्या.

लग्नाआधी, हौशी नाटकांत काम करत असताना, त्यांना एका भयपटात भूमिका मिळाली होती. दारावर थाप ऐकू येते म्हणून पुन्हा पुन्हा कडी तपासणारी एकटी विधवा. थाप खरी की तिच्या मनातली, हे शेवटपर्यंत कळत नाही. चित्रपट खूप गाजला, आणि तिचा "कडी लावली का?" हा संवादही. आईंना मात्र पुन्हा कोणी बोलावलं नाही. त्यांनी टेलिफोन खात्यात नोकरी केली, संसार केला. नव्वदच्या दशकात मी सून म्हणून द्वारका चौकाजवळच्या त्या घरात आले, तेव्हाही अंबाडा घालताना त्या जुने संवाद पुटपुटत. "अजून एक भूमिका हवी होती गं," एवढंच म्हणत.

ती दोन हजार सालानंतर चालून आली. त्याच चित्रपटाचा दुसरा भाग निघणार होता. तरुण दिग्दर्शक मुंबईहून पेढे घेऊन आला आणि त्यानं कथा ऐकवली. ती विधवा आता मरून भूत झाली आहे आणि घरातल्या नव्या सुनेला छळते. मोकळे केस, किंकाळ्या, सगळं.

आईंनी हातातला पेढा बशीत ठेवला. "ती भूत नाही हो. तिला भास होतात."

"काकू, पब्लिकला काय फरक पडतो?"

"तिला पडतो ना! भूत म्हटलं की दोष तिचा. भास म्हटलं की घरातल्यांनाही विचारावं लागतं, ही एवढी एकटी पडलीच कशी?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "आई, इतकी वर्षं वाट पाहिलीत हो."

"म्हणूनच," त्या कांदा चिरत म्हणाल्या. "इतकी वर्षं सांभाळलेली बाई आता हडळ करून मिरवू?"

काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. "तुमची बाई जिवंत ठेवतो. ती काय करेल, तेवढं तुम्ही सांगा."

चित्रपट लागला त्या दिवशी मी थिएटरात होते. पडद्यावर त्यातली नवी सून कडीवर हात ठेवून थरथरत होती. मागून आई आल्या, नीट अंबाडा घातलेल्या, हातात पाण्याचा तांब्या. थिएटर किंकाळीची वाट पाहत होतं. त्यांनी दाराला कान लावला, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मलाही ऐकू यायचं."

शिट्ट्या मारायला आलेल्या पोरांनी तोंडातली बोटं काढली. शेजारच्या बाईंनी डोळे पुसत विचारलं, "तुमच्या कोण?"

"सासूबाई!" मी एरवी इतक्या मोठ्यानं बोलत नाही.

चित्रपट फारसा चालला नाही. आईंना त्याचं काही वाटलं नाही.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी त्या दचकून जाग्या झाल्या. "दार वाजतंय."

"कोणी नाही हो, आजी," नर्स म्हणाली.

मी कॉटवर बसले, त्यांचा हात हातात घेतला. "मलाही ऐकू येतंय, आई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं मिश्कील हसू आलं. "खोटारडी," त्या म्हणाल्या. "पण काम बरं केलंस."

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत. आयुष्यात मला अभिनयासाठी मिळालेली ती एकच दाद. पण ती त्यांची होती.