डोंगरे सरांचं मैदान

"ए पिवळ्या! पास दे की लेका! बॉल काय हुंड्यात मिळालाय?"

कापेल आन डेन आयसेल या डच गावातल्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून डोंगरे सर खाली खेळणाऱ्या डच पोरांवर असे ओरडायचे. पिवळ्या जर्सीतलं पोरगं वर बघायचं आणि, आईशप्पथ, पास द्यायचं! आतून त्यांचा मुलगा समीरदादा कळवळायचा, "बाबा, शेजारी तक्रार करतील!"

"करू देत. यांचा बचाव कच्चा हाय, ही माझीबी तक्रारच हाय."

सर नातू बघायला तीन महिन्यांसाठी आले होते. कोरोना आला, विमानं बंद झाली, सर अडकले. मी तिथून तासाभरावर, बाडहूव्हडॉर्पला गोदामात कामाला. नियमानं घरात दिवसाला एकच पाहुणा चालायचा त्या दिवसांत. रविवारचा पाहुणा मी.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सर इतिहास शिकवायचे आणि फुटबॉल आणला तोही त्यांनीच. मैदान कुठलं, नुसता माळ! सरावाआधी प्रत्येकानं दहा दगड वेचून हद्दीबाहेर टाकायचे, मग बॉलला पाय. वर्षानुवर्षं पोरांनी असे दगड वेचले तेव्हा ते मैदान झालं. मी त्यांच्या शेवटच्या बॅचचा. नक्कल करायचो त्यांची. एकदा सरांनी मागं उभं राहून सगळी ऐकली आणि म्हणाले, "आवाज जमलाय. आता माझ्यासारखं पळून दाखव." दहा फेऱ्या!

तर त्या मैदानावर दुकानगाळे बांधायचा ठराव कॉलेजच्या संस्थेनं आणला. सभा ऑनलाइन. सर जुने सभासद, त्यांना दोन मिनिटं दिली. नेमका तेव्हाच सरांना कोरोना होऊन गेलेला. चार शब्द बोलले की धाप लागायची.

मी म्हटलं, "सर, कॅमेरा बंद ठेवू. मी बोलतो तुमच्या आवाजात. समीरदादालासुद्धा कळणार नाही."

सरांनी असं बघितलं की मी परत अठरा वर्षांचा झालो. "माझ्या जागी बदली खेळाडू? मी अजून मैदानात हाय की रं!"

सभा सुरू झाली, मी सरांच्या शेजारीच बसलेलो. सर म्हणाले, "हे मैदान पोरांनी..." आणि खोकला आला तो थांबेचना. अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "सर भावुक झालेत. त्यांचे आशीर्वाद आहेतच!" आणि माइक बंद. तिकडूनच बंद केला! मी माझ्या मोबाइलवरून ओरडत होतो, तर माझाही बंद. सर हातानं नाही, नाही म्हणत राहिले. स्क्रीनवरचे चाळीस चौकोन टाळ्या वाजवत होते.

आठवड्यानं इतिवृत्त आलं. 'माननीय डोंगरे सर यांनी ठरावास संमती दर्शवली.'

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. आयुष्यभर आमच्यावर ओरडलेला माणूस त्या दिवशी ओरडला नाही, त्याचीच भीती वाटली. म्हणाले, "पन्नास वर्षांनी कुणीतरी हेच खरं मानून शिकवंल. इतिहास असाच नासतो बघ." मग पेन मागितलं. एक ओळ स्वतः लिहिली: 'मी संमती दिलेली नाही. दुरुस्ती करावी.' खाली सही. मी फोटो काढून सचिवांना पाठवला. निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला.

फोन केला तर सचिव म्हणाले, "अरे, एका ओळीनं काय बिघडतंय? ठराव तसाही पास झालाय. सर तिकडं मजेत आहेत ना?"

मजेत! धाप वाढून सर तेव्हा हॉस्पिटलात ऑक्सिजनवर होते. व्हिडिओ कॉलवर मास्क बाजूला सारून त्यांनी एवढंच विचारलं, "दुरुस्ती झाली?"

मी म्हटलं, "होतेय, सर."

"होतेय म्हणजे नाही झाली," सर म्हणाले. तेच शेवटचं बोलणं. तीन दिवसांनी गेले.

त्याच दिवशी कॉलेजच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज: गाळ्यांना सरांचंच नाव देणार, 'क्रीडामहर्षी डोंगरे सर व्यापारी संकुल'. खाली फुलं, हात जोडलेले, एकशे बारा जणांचे. त्यातल्या निम्म्यांनी तरी तिथले दगड उचललेत. लाज वाटली नाही एकालाही.

मी सचिवांना परत फोन केला. ते म्हणाले, "दुरुस्तीला सभासद स्वतः हजर लागतो. आता कसं करणार?"

असं करणार, इथं लिहून. सरांनी संमती दिली नव्हती. मी शेजारी बसलो होतो. सरांची सही माझ्याकडं आहे.